मुरुडला जाऊन येते

नसरीन,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मी लातूरला तुमच्या घरी पोचले. नांदेडहून निघालेली बस अहमदपूरला अर्धा तास उभी राहिली. कंडक्टर चहा प्यायला गेला तो गेलाच. अहमदपूर माझं गाव, स्टँडपासून घर पाच मिनिटांवर, पण मी उतरले नाही. समोर एक माणूस केळ्यांच्या गाडीवर पाणी मारत होता, ते बघत बसले. मला घाई नव्हती. हे तुला सांगायला हवं, कारण तुला वाटेल मी धावत आले. मी धावत आले नाही. कंडक्टर परत आला नसता तर मी तशीच बसून राहिले असते.

घरात बायका जमल्या होत्या. अम्मी सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकीला ती पाणी विचारायची, आणि मग एकच गोष्ट मागायची. "नसरीनची एखादी बात सांग. मला म्हाईत नसलेली." शेजारच्या बाईंनी सांगितलं, त्यांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेतली चूक तू एका रात्रीत साडेतीनशे प्रतींवर हातानं दुरुस्त करून दिली होतीस. दुसऱ्या एकीनं तुझ्या शाळेतलं काहीतरी सांगितलं. अम्मी मान हलवत होती आणि एकेक गोष्ट पदराला बांधावी तशी ठेवून घेत होती. मग ती माझ्याकडं वळली.

"क्रांती बेटा, बारावीची परीक्षा झाल्यावर तुमी दोघी मुरुडला गेलत्या ना, आपाकडं? आली तवा चार दिवस नुसती हसत हुती पोरगी. काय झालतं तिथं? आपाला पुसलं तर तिला कायबी याद न्हाई."

आपा म्हणजे अम्मीची थोरली बहीण, तुझी मुरुडची खाला. ती तिथंच कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "आल्या असतील गं पोरी. माझंच डोकं चालंना आता. दोन दोन पोरी घरी राहून गेल्या आन मला याद न्हाई, मंजे बघ."

पाण्याचा पेला हातात होता, तो प्यायले. अम्मी वाट बघत होती. मी म्हणाले, "मजा केली, अम्मी." बास. तीन शब्द. तुझ्या आईनं तुझी एक गोष्ट मागितली, आणि माझ्याकडं तीन दिवस भरून गोष्टी असताना मी तिला तीन शब्द दिले.

कारण आपण खालाकडं गेलोच नव्हतो.

लातूर जिल्ह्यात मुरुड म्हटलं की एकच मुरुड. बार्शी रोडवरचं, मोठ्या बाजाराचं, तुझ्या खालाचं. लातूरच्या स्टँडवर उभं राहून मुरुड म्हणा, हमाल न विचारता तुमची पिशवी त्याच गाडीत टाकील. दुसरं एक मुरुड कोकणात आहे, त्याला समुद्र आहे, हे आपल्याकडं कोणाच्या मनातही येत नाही. तुझ्या आलं. सातव्या वर्षीच आलं.

ती गोष्ट तूच मला सांगितली होतीस. अब्बांचं बाइंडिंगचं दुकान, गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत, घराला लागूनच. पुठ्ठ्याच्या आत चिकटवायला रद्दी यायची. त्या रद्दीत तुला एक घडीचं पत्रक सापडलं. वर निळं पाणी, खाली छापलेलं: मुरुड. रम्य समुद्रकिनारा, बालोद्यान, नौकाविहार. तू नुकती वाचायला लागली होतीस. खालाच्या गावी समुद्र आहे आणि आजवर कोणी आपल्याला दाखवला नाही, याचा तुला भयंकर राग आला. ईदला खालाकडं गेलात तेव्हा तू स्टँडवरच बसकण मारलीस, समुद्र दाखवल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणून. शेवटी खालाच्या यजमानांनी, खालूंनी, तुला खांद्यावर घेतलं, गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यापाशी नेलं आणि सांगितलं, "ये देख समंदर. उन्हाळ्यात आटतो. पावसाळ्यात ये."

चौथीपर्यंत तुला ते खरं वाटत होतं. चौथीत भूगोलाच्या बाईंनी विचारलं, महाराष्ट्राचा समुद्र कोणत्या दिशेला? तू हात वर करून म्हणालीस, बार्शी रोडला.

हे सांगताना तू इतकी हसली होतीस की तुझ्या हातातली सुई माझ्या बोटाला लागली.

तेव्हा आपली ओळख नवी होती. भूकंपानंतरची ती वर्षं. बाहेरगावी कुठंही लातूर म्हटलं की लोक आधी भूकंपाचं विचारायचे, मग क्लासेसचं. कुठल्या कुठल्या गावांतून पोरं येत होती, घराघरात खोल्या निघत होत्या, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागत होते. मीही त्यातलीच. माझे वडील, नाना, शिक्षक, पण गावात त्यांची ओळख पत्रकवाले गुरुजी. धरणग्रस्तांचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं पत्रक, भूकंपग्रस्तांच्या घरांचं पत्रक. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. माझं नावही एखाद्या पत्रकाच्या मथळ्यातून उचलल्यासारखं. लातूरला शिकायला आले तेव्हा नाना मला दर महिन्याला गठ्ठा पाठवायचे आणि तो मी कडा कापून घ्यायला तुमच्या दुकानात आणायचे. पहिल्याच दिवशी तू गठ्ठ्यातलं एक उचललंस आणि मोठ्यानं वाचलंस. मग बोट ठेवून मोजायला लागलीस.

"एका पानात अकरा उद्गारचिन्हं! दम लागत न्हाई का गं वाचताना?"

मी म्हणाले, ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांना दमून चालत नाही.

"बरं बरं, इन्कलाब," तू म्हणालीस. "कडा सरळ पाहिजे का त्याबी चिडलेल्या पाहिजेत?"

तेव्हापासून मी इन्कलाब. क्लासमध्ये, बाजारात, तुमच्या घरात. अब्बासुद्धा एकदा चुकून म्हणाले, इन्कलाबला चहा द्या.

तू दिवसा क्लासला यायचीस आणि संध्याकाळी त्याच क्लासच्या नोट्स दुकानात शिवायचीस. अब्बांना तुला डॉक्टर करायचं होतं. लातुरात तेव्हा प्रत्येकालाच कोणालातरी डॉक्टर करायचं होतं. तू मला एकदा म्हणालीस की ज्या नोट्स तू शिवतेस त्या तुला पाठ होतात, आणि ज्या नुसत्या वाचतेस त्या होत नाहीत. मी त्यावर चार वाक्यांचं भाषण दिलं. श्रम आणि ज्ञान यांच्यावर. तू जांभई दिलीस.

परीक्षा संपली त्या आठवड्यात तू ते जुनं पत्रक काढलंस. रसायनाच्या वहीत इतकी वर्षं ठेवलेलं. घड्यांवर फाटलं होतं, मागून पातळ कागद लावून तू ते जोडलं होतंस.

"निकालाच्या आधी जायचं," तू म्हणालीस.

मी ते वाचलं आणि म्हणाले, हे असलं पत्रक लोकांना भुलवायला काढतात. यात तिथल्या कोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. नौकाविहार म्हणे. ज्याची होडी आहे तो कधी विहार करतो का?

"तू किती पत्रकं वाटलीस आजपतोर?"

"हजारो."

"त्यातलं एखादं खरं हाय का बघायला गेलीस कवा?"

मी विषय बदलला आणि विचारलं, घरी काय सांगणार? तुला पहिल्यापासून हाच प्रश्न हवा असावा. तुझा चेहरा उजळला.

"खोटं न्हाई बोलायचं. अम्मीशी मी कवा खोटं बोलले न्हाई. म्हणायचं, मुरुडला जाऊन येते."

आणि तू तेच म्हणालीस. माझ्यासमोर, चुलीपाशी उभी राहून. अम्मीनं खालासाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. मी खोलीवरच्या घरमालकीणबाईंना तेच सांगितलं. सांगताना माझी मान खाली होती, तुझी नव्हती.

पुण्याची बस बार्शीमार्गे जाते. संध्याकाळी पाऊण तासात मुरुड आलं, खालाचं. बस थांबली तशी तू उठलीस, लोकांच्या पाटीडालग्यांतून वाट काढत खाली उतरलीस, फलाटावर दोन्ही पाय जुळवून उभी राहिलीस. मग परत चढायला लागलीस.

"ओ ताई," कंडक्टर म्हणाला, "उतरायचं हाय का चढायचं हाय?"

"दोन्ही," तू म्हणालीस.

माझ्या शेजारी बसून तू मला म्हणालीस, "झालं. मुरुडला येऊन गेले. आता पुढचं मुरुड वरकड."

मी म्हणाले, ही वकिली आहे. अर्धं खरं म्हणजे पूर्ण खोटं. ते बार्शीपर्यंत चाललं. तू लाडवांचा डबा उघडलास. मी म्हणाले, ते खालाचे आहेत. तू म्हणालीस, "खालानं विचारलं तर सांगू, वाटेत इन्कलाब झाला."

आता ही वाक्यं लिहिते आहे आणि मला काही होत नाही. हसूही नाही, दुसरंही काही नाही. हाताला बर्फ लावून ठेवल्यावर बोटं आपली वाटत नाहीत, तसं. नांदेडला लोक मला विचारतात, बरी आहेस ना. मी हो म्हणते. ते खरंच आहे. जेवण जातं, झोप लागते. गेल्या आठवड्यात घाटावर गेले, गोदावरीला पाणी कमी होतं, एक बाई कपडे धूत होती. मी तिला साबण उचलून दिला. परत आले.

त्या मुरुडला आपण दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. स्टँडवरून नारळाच्या वाड्यांमधून चालत गेलो. वाडी संपली आणि समोर ते होतंच. मला वाटलं होतं तू पळत सुटशील. तू थांबलीस. चपला काढून हातात घेतल्यास आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिलीस.

"पत्रकात आवाज नव्हता गं," तू म्हणालीस.

घरगुती राहण्याची सोय, अशी पाटी असलेल्या एका घरात आपल्याला जागा मिळाली. घरच्या आजीबाईंनी विचारलं, कुठच्या तुम्ही?

"लातूर."

"अगो बाय. भूकंपवाल्या?"

"हाव," तू म्हणालीस. "पण आज सुट्टीवर."

त्यांनी आपल्याला तळलेले मासे वाढले आणि विचारलं, तुमच्याकडं मुरुड कसं ऐकलंत. तू म्हणालीस, आमच्याकडं पण एक आहे. त्यांनी विचारलं, तिथं समुद्र केवढा? तू अगदी गंभीरपणे म्हणालीस, "उन्हाळ्यात आटतो."

किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांमागं ते बालोद्यान होतं. पत्रकातलं. एक घसरगुंडी, दोन झोपाळे, सिमेंटचं एक बदक, त्याची चोच तुटलेली. मी म्हणाले, बघ, हेच तुझं रम्य. तू झोपाळ्यावर बसलीस. राखणदार काठी घेऊन आला. मोठ्यांनी बसायचं नाही, म्हणाला.

"काका, मी लातूरची हाय."

"मग?"

"अकरा वर्षं उशीर झाला यायला."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग बदकाकडं तोंड करून बिडी ओढत बसला, आपल्याकडं पाठ करून. मी बसले नाही. का ते तुला ठाऊक होतं. भूकंपाच्या पहाटे आमच्या घराची भिंत माझ्या डोळ्यांसमोर आत आली आणि परत गेली, पडली नाही. तेव्हापासून मला झोपाळा, पाळणा, काहीही हलणारं सोसत नाही. नाना गावोगाव घरांची पत्रकं घेऊन फिरत होते तेव्हा मी अहमदपूरला पलंगावर झोपायला तयार नव्हते, जमिनीवरही नव्हते. तुम्ही सगळे महिनाभर दुकानासमोर रस्त्यावर झोपत होतात, तू सांगितलं होतंस. तुला मजा आली होती. सगळी गल्ली एका ओळीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी समुद्रातल्या किल्ल्याकडं जाणाऱ्या शिडाच्या होडीत बसताना माझे पाय उचलेनात. लोक बसत होते, होडी एका अंगावर जायची, दुसऱ्या अंगावर यायची. होडीवाला हात पुढं करून उभा. मी काठावर. मी म्हणाले, तू जाऊन ये. मी इथल्या बायकांशी बोलते, त्यांचे प्रश्न काय आहेत ते विचारते.

"त्यांचा एकच प्रश्न हाय, ही पोरगी वाटेत का उभी हाय," तू म्हणालीस. मग खाली उतरलीस, पाण्यात, गुडघ्यापर्यंत, आणि माझा हात धरलास. तेव्हा जे म्हणालीस ते मी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, तरी शब्दनशब्द आहे.

"जमिनीनं हलायचं नसतं, तरी ती हलली. म्हणून आपण भ्यालो. तिनं फसवलं आपल्याला. हिचं तर कामच हलायचं. ही कशाला फसवील?"

मी बसले. पूर्ण वेळ तुझी ओढणी मुठीत धरून बसले, पण बसले. वारा भरला तेव्हा शीड एकदम वाजलं आणि मी ओरडले. तू हसलीस. होडीवालाही हसला. मीसुद्धा हसले असावे, कारण गाल दुखत होते.

संध्याकाळी तू पाण्यात शिरलीस, कमरेपर्यंत, सगळ्या कपड्यांनिशी. मी काठावरून हाका मारत होते. बाहेर आलीस, वाळूत तशीच ओली बसलीस आणि म्हणालीस, "निकाल कायबी लागू दे, मी रिपीट करणार न्हाई. मला डॉक्टर व्हायचं न्हाई. मला दुकान चालवायचंय."

मी विचारलं, अब्बांना सांगशील?

"सांगीन. इथं येता आलं तर ते पण सांगता येईल."

आणि तू सांगितलंस. घरी परतल्यावर आठवड्याच्या आत. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी तुला कटिंग मशीनची किल्ली दिली. अम्मीला कधीच कळलं नाही की गुपचूप शिवत बसणाऱ्या त्या पोरीला एवढं धाडस एका आठवड्यात कुठून आलं.

मुरुडचं मात्र तू सांगितलं नाहीस. परत आल्यावर मी चार दिवस थांबले, मग दुकानात येऊन म्हणाले, तू सांगत नसशील तर मी सांगते. तुझ्या हातात खळीचा ब्रश होता. तू तो खाली ठेवलास. मी तुला तितकी शांत कधी पाहिली नव्हती.

"माझ्या अम्मीला मीच सांगीन. तू न्हाई. घे शपथ."

मी म्हणाले, शपथा मी घेत नाही. शब्द देते.

त्या शब्दावर आपण सहा वर्षं भांडलो. मी नांदेडला कॉलेजला गेले, पाक्षिकात लिहायला लागले. लातूरला आले की पहिला प्रश्न तोच. सांगितलंस? "या ईदला." ईद झाली. "पुढं पण ईद असती की." एकदा मी तुला पोस्टकार्ड पाठवलं, की जी घरात खरं बोलत नाही ती बाहेर काय बोलणार! तू तेच कार्ड मला परत पाठवलंस. उद्गारचिन्हाभोवती पेन्सिलीचा गोल, बाजूला तुझं बारीक अक्षर: एकच? तब्येत बरी आहे ना?

त्यानंतर वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. ते वर्ष मी कुठं ठेवू, सांग. तेव्हा ते माझं तत्त्व होतं.

शेवटचा फोन. तू लातूरच्या दवाखान्यात होतीस, कावीळ झाली होती, मी ऐकलं आणि फोन लावला. अम्मीनं तुझ्या गळ्यात काविळीची माळ घातली आहे, असं तू सांगितलंस. मी भडकले. काविळीच्या माळेविरुद्धचं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं, तुझ्याच दुकानात त्याच्या कडा कापल्या होत्या. देठ वाळतात, माळ मोठी होते, त्यात कावीळ उतरत नाही, हे सगळं मी तुला परत पाठ म्हणून दाखवलं.

"सलाईन बी हाय, माळ बी हाय," तू म्हणालीस. आवाज बारीक झाला होता. "माळ अम्मीसाठी हाय. तिला झोप लागावी म्हणून. झालं का तुझं? मग ऐक. बरी झाले की अम्मीला मुरुडचं सांगते. या वेळी खरंच."

मी म्हणाले, "सहा वर्षं ऐकतेय." आणि फोन ठेवला.

पाच दिवसांनी अब्बांचा फोन आला.

मला वाटायचं तू भितेस. रागावतील, मारतील, बाहेर जाणं बंद करतील. आता वाटतं, अठराव्या वर्षी वाटली असेल ती भीती विसाव्या वर्षी कशाला राहिली असेल? दुकान तूच चालवत होतीस, अब्बा तुला विचारून कागद मागवायचे. मग का नाही सांगितलंस? कदाचित एवढी एकच गोष्ट तुझी एकटीची होती. कदाचित तू खरंच पुढच्या ईदची वाट बघत होतीस. मला माहीत नाही. मी विचारलं नाही कधी. सांगितलंस का, एवढंच विचारत राहिले.

तिसऱ्या दिवसापासून मी नांदेडला बसून हेच उलटसुलट करत होते. शब्द मी तुला दिला होता. तू असतीस तर मी तो मोडला असता तरी तू मला चार शिव्या दिल्या असत्यास आणि हिशेब मिटला असता. आता तो मोडायचा कोणाशी? दुसऱ्या बाजूला अम्मी. तुझी प्रत्येक गोष्ट मागणारी, आणि तुझे सगळ्यांत मोठे तीन दिवस तिच्याकडं नाहीत. एका रात्री मी ठरवलं होतं की शब्द पाळायचा. मग अब्बांनी फोनवर सहज सांगितलं की खालाला डॉक्टरकडं नेलं होतं. ती म्हणते, पोरी माझ्या घरी राहिल्या ते मी विसरले, मग आणखी काय काय विसरले असेन. रात्री उठून मेलेल्या माणसांची नावं म्हणून बघते, सगळी आठवतात का.

तेवढ्यावर मी ठरवलं. मोठी तत्त्वं मागं पडली. एका म्हाताऱ्या बाईचं डोकं ठणठणीत असताना आपल्या वकिलीमुळं ती त्याला दोष देत होती.

चाळिसाव्याला मी आले. फातेहा झाली, जेवणं झाली, पुरुष बाहेर गेले. आत अम्मी, खाला आणि मी. भांडी तशीच होती. मी खाली बसले आणि म्हणाले, "अम्मी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. आम्ही खालाकडं गेलोच नव्हतो. नसरीन आणि मी समुद्राच्या मुरुडला गेलो होतो. कोकणात."

आधी खाला बोलली.

"मंजे माझं डोकं ठीक हाय!" ती म्हणाली. मग परत, अम्मीच्या दंडाला धरून, "ऐकलंस का? माझं डोकं ठीक हाय!"

अम्मी माझ्याकडं बघत होती. मी भराभर सांगत सुटले. बार्शी रोड, बस, तू फलाटावर उतरलीस ते, आजीबाई, झोपाळा, होडी. वाळूत ओली बसून तू जे ठरवलंस ते. मला थांबताच येईना. मध्येच अम्मीनं हात वर केला.

"सहा साल," ती म्हणाली. "सहा साल तू ह्या घरात जेवत हुतीस."

"हो."

"आन तोंडातून अक्षर न्हाई."

"तिला शब्द दिला होता."

"शब्द!" अम्मी उठून उभी राहिली. तू गेल्यापासून मी तिला भिंत सोडून उभी राहिलेली पाहिली नव्हती. "दोन पोरी, एकट्या, येवढ्या लांब! पोहायला येत न्हाई, न तिला न हिला! होडीत बसतात! आन मी इकडं लाडू करून देते आपासाठी! कुठं गेले ते लाडू?"

"आम्ही खाल्ले."

"खाल्ले! बघ आपा, तुझे लाडू खाल्ले! ये नसरीन," ती दुकानाच्या दाराकडं बघून ओरडली, "लाज न्हाई वाटली गं? आईला सांगून गेली असतीस तर काय खाल्लं असतं का मी तुला? मी बी आले असते! मी तरी कुठं बघितलाय समंदर!"

गल्लीतली एक बाई दारात येऊन थांबली आणि तशीच परत गेली. अम्मी बोलत राहिली. मराठीत, मग तुमच्या बोलीत, मग परत मराठीत. तुझ्या वाटणीचं सगळं, सहा वर्षांचं. मी समोर बसून ऐकून घेतलं. तुझ्या जागी. माझ्या हाताला पहिल्यांदाच काहीतरी जाणवलं, मी बघितलं तर खालानं तो घट्ट धरला होता.

मग अम्मीला धाप लागली आणि ती खाली बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पाण्यात गेली हुती ती? किती?"

"कमरेपर्यंत."

"आन ओल्या कपड्यात बसली असंल तशीच."

"हो. अंधार पडेपर्यंत."

"सर्दी झाली का?"

"झाली, अम्मी. परत येताना पुण्यापर्यंत शिंकत होती."

"हुणारच," अम्मी म्हणाली. "ऐकती का ती कुनाचं."